वणव्याची गोधडी : १२१ दिवस, १२१ तुकडे



मी विश्रांतवाडीत राहते. उन्हाळ्यात रात्री गच्चीवर गेलं की दिघीच्या बाजूच्या टेकडीवर कधीकधी लाल रेघ सरकताना दिसते. मला ती लांबून दिसते, तुमच्यापैकी अनेकींच्या ती गोठ्यामागे येते. मागच्या उन्हाळ्यात एका गटाच्या बैठकीत चाऱ्याच्या गंजी जळाल्याचा विषय निघाला. मी विचारलं, "कोणत्या तारखेला?" कुणी म्हणालं शिमग्यानंतर, कुणी म्हणालं पाडव्याच्या आधी. नुकसान सगळ्यांना आठवत होतं, तारीख कुणालाच नाही. तारखेशिवाय अर्ज लिहायचा कसा?

म्हणून ही गोधडी. वणव्याचा हंगाम साधारण १५ फेब्रुवारी ते १५ जून. म्हणजे १२१ दिवस. ११ ओळी, प्रत्येक ओळीत ११ तुकडे. गटातल्या अकरा जणींनी एकेक ओळ घेतली की झालं!

कशी करायची?

१. जुन्या सुती साड्या, धोतरं धुऊन घ्या. ६ इंचाचे चौकोन कापा. चारही बाजूंनी अर्धा इंच शिवणीत गेला की गोधडी साधारण साडेचार फुटांची होते.

२. रंग बैठकीत ठरवा. उदाहरणार्थ, शांत दिवस हिरवा, लांब धूर दिसला तर राखाडी, आपल्या डोंगराला आग लागली तर लाल, मिळून विझवली तर निळा.

३. रोज रात्री गटाच्या वहीत तारीख, जागा आणि काय जळलं ते एका ओळीत लिहा. तुकडे आठवड्याच्या बैठकीत जोडा.

४. शेवटी खाली अस्तर, मध्ये जुन्या साडीचे थर घालून काठापासून आत धावदोरा घाला. लाल तुकड्यावर जे गेलं ते टाक्यांनी काढा. गंजी, करवंदीची जाळी, लाव्याचं घरटं.

कपड्याने साक्ष देणं नवं नाही. चिली देशात १९७३ साली लष्कराने सत्ता घेतल्यावर बायकांनी गोणपाटावर चिंध्या शिवून आपली बेपत्ता माणसं दाखवली. ती चित्रं जगभर पोचली.

गोधडी शिवताना एक गोष्ट बोलाच. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात. फेकलेली बिडी, बांध जाळताना सुटलेली आग, आणि "जाळलं की गवत चांगलं येतं" हा समज. पण त्या आगीत बी आणि रोपं जळतात, उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून जाते.

आग दिसली तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा. एकटीने जाऊ नका. नायलॉनची साडी नेसून तर मुळीच नको, ती वितळून अंगाला चिकटते.

पहिली गोधडी विकू नका. हिवाळ्यातल्या ग्रामसभेत ती पसरा, शेजारी वही ठेवा आणि फेब्रुवारीच्या आत जाळरेषा काढायची मागणी करा. "कधी लागली होती आग?" असं कुणी विचारलं, तर लाल तुकड्यावर बोट ठेवा. ओळ मोजली की तारीख सापडेल.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एक जुनी साडी आणा. मी आजीची आणते!