हजेरी लागली, मूल पोचलं का?

१ डिसेंबर २०२१. करोनामुळे बंद पडलेले महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग वीस महिन्यांनी भरले. माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा दप्तर मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी कवटाळून बसला होता. छोटी सुट्टी झाली, मोठी झाली, दप्तर खाली ठेवेना. दोन दिवसांत रुळेल, असं मी सहकाऱ्यांना सांगितलं. आठवड्यानंतर हजेरीपट चाळताना माझी चूक कळली. जून २०२० मध्ये त्याचं नाव पहिलीत घातलेलं. म्हणजे अंगणवाडी सोडली, तर तो शाळेत बसत होता तो आयुष्यात पहिल्यांदा, आणि थेट दुसरीत. आम्ही त्याला ‘परत आलेला’ धरून चाललो होतो.

‘मुलांचं काय, रुळतात!’ हा पहिला गैरसमज. बरीचशी रुळली, हे खरंच. पण रुळायला रोजची सवय लागते, आणि तीच पुन्हा तुटली. ओमायक्रॉनमुळे जानेवारीत शाळा बंद झाल्या आणि २४ जानेवारी २०२२ पासून टप्प्याटप्प्याने पुन्हा उघडल्या. ज्यांना जरा धीर आला होता, त्यांची सुरुवात परत पहिल्यापासून.

‘बुडालेला अभ्यास भरून काढला की झालं’ हा दुसरा, आणि आम्हा शिक्षकांचा लाडका. अभ्यास बुडाला होता, यात वाद नाही. ग्रामीण शिक्षणाच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या ६ ते १४ वयाच्या मुलांची पटनोंदणी २०१८ मध्ये ९७.२ टक्के होती, ती २०२२ मध्ये ९८.४ टक्क्यांवर गेली. त्याच काळात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतली मुलं मात्र २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर आली. पटावर मुलं होती, वाचन नव्हतं. पण म्हणून घाई केली की काय होतं? एनसीईआरटीने २०२२ च्या सुरुवातीला सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ८१ टक्के मुलांनी चिंतेचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांचंच नाव घेतलं. ज्याची धास्ती, त्याचाच डोस आम्ही वाढवत होतो.

‘आळशी झालीत, हात चालत नाही.’ हात चालत नव्हता कारण लिहिण्याचा सराव गेला होता. हे राज्य मंडळानंही मानलं. २०२२ च्या दहावी-बारावीला मोठ्या पेपरांना अर्धा तास आणि ४० ते ६० गुणांच्या पेपरांना पंधरा मिनिटं वाढवून दिली. मंडळ समजून घेतं, तिसरीतल्या पोराला मात्र आपण ‘भरभर लिही’ म्हणून ओरडतो.

आता सकाळी साडेनऊचं ते प्रसिद्ध पोटदुखणं. ‘नाटकं करतोय’ असं घरचे म्हणतात. नाटक नसतं ते. भीती वाटली की पोट खरोखर दुखतं, मळमळतं, डोकं ठणकतं. मूल ‘मला भीती वाटते’ म्हणत नाही, ‘पोट दुखतंय’ म्हणतं. रविवारी दुखतं का, सुट्टीच्या आदल्या रात्री दुखतं का, एवढी नोंद पालकांनी आठवडाभर ठेवली तरी पुष्कळ उलगडतं. दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवावंच. पण रोज घरी ठेवून घेणं हा उपाय नव्हे, त्यानं भीती वाढते. अर्धा दिवस का होईना, पण रोज शाळेत यावं.

‘जे झालं त्याचा विषय काढू नका, मुलं रडतील.’ चौथीतल्या एका मुलीचे वडील करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले होते. ‘माझे बाबा’ हा निबंध आला त्या दिवशी मी शहाणपणा करून तिला ऑफिसातून खडू आणायला पिटाळलं. परत येऊन म्हणाली, “बाई, मलाच का पाठवलंत?” आणि बसून पानभर लिहिलं, बाबा सायकलची चेन कशी बसवायचे ते. गप्प राहून आपण दुःख टाळत नाही, मुलाला एकटं पाडतो. मूल फार खचलेलं दिसलं, तर जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हेही सरळ विचारावं. विचारल्यानं ते मनात शिरत नाहीत.

शेवटी ‘हे समुपदेशकाचं काम.’ आमच्यासारख्या शाळांत समुपदेशक असतो कुठे? ठरलेलं वेळापत्रक, खेळाचा तास, नावानं हाक, शेजारी ओळखीचं पोर, हे शिक्षकालाच करायचं असतं. झोप, जेवण किंवा मित्रांशी वागणं दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेलं दिसलं, तर मात्र तज्ज्ञाकडे न्यावं; जीव देण्याचं बोलणं कानावर आलं, तर त्याच दिवशी. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे, आणि मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८.

त्या दुसरीतल्या मुलानं दप्तर खाली ठेवलं ते शाळेत पुन्हा खिचडी शिजायला लागली तेव्हा. ताट मांडीवर घ्यायचं होतं. दप्तर त्यानं शेजारच्याकडे सरकवलं आणि म्हणाला, “सांभाळ रे.”