न दिसणाऱ्या रंगाचा व्यापार

कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागात, न्यू जर्सीपासून फ्लोरिडापर्यंत आढळणारा बिनविषारी साप. लांबी साधारण चार फूट. नारिंगी-तपकिरी अंगावर काळ्या किनारीचे तांबडे डाग आणि पोटावर मक्याच्या रंगीत कणसासारखी काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची नक्षी. लिनिअसने १७६६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. उंदीर वेटोळ्यात आवळून मारणारा आणि माणसाला सहसा न चावणारा हा साप आज जगभर सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सापांपैकी एक आहे. महाराष्ट्रात त्याचे सोयरे शोधायचे तर तस्कर आणि धामण ही नावे घ्यावी लागतात. शिरोळ तालुक्यातल्या उसात धामण उंदरांचा जो बंदोबस्त करते, तोच हा साप तिकडच्या शेतांत आणि कोठारांभोवती करतो. त्याला बाजारात मोल आले ते मात्र या गुणामुळे नव्हे, तर त्याचा रंग चुकल्यामुळे.

१९५३ साली उत्तर कॅरोलायनात काळा रंग अजिबात नसलेला एक नर सापडला. तो जॉर्जिया राज्यातल्या व्हॅल्डोस्टा गावच्या डॉ. बर्नार्ड बेक्टेल यांच्याकडे आला. बेक्टेल व्यवसायाने त्वचारोगतज्ज्ञ होते, त्यामुळे कातडीच्या रंगाकडे पाहण्याची त्यांची नजर नुसत्या हौशी माणसाची नव्हती. या नराची साध्या मादीशी जोडी लावली तेव्हा सगळी पिले नेहमीच्याच रंगाची निघाली. इतर कोणी तिथेच नाद सोडला असता. बेक्टेल आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी पुढच्या पिढीची वाट पाहिली. १९६१ साली अंड्यांतून लाल डोळ्यांची, काळ्याचा ठिपकाही नसलेली पिले बाहेर आली, आणि पुढच्याच वर्षी दोघांनी हा आनुवंशिकतेचा पुरावा प्रसिद्ध केला. मेंडेलने वाटाण्यात दाखवलेला नियम सापातही तसाच चालतो, हे त्यातून दिसले. आजच्या रंगीत सापांच्या सगळ्या व्यापाराची मुळे या संयमात आहेत.

सापाच्या कातडीत रंगपेशींचे तीन प्रकार असतात. काहींत काळे-तपकिरी मेलॅनिन असते, काहींत तांबडी-पिवळी द्रव्ये, आणि तिसऱ्या प्रकारच्या पेशींत प्रकाश परतवणारे सूक्ष्म स्फटिक. काळे गेले की तांबडा-नारिंगी साप उरतो. पाळणारे त्याला ‘अमेल’ म्हणतात. तांबडे गेले की राखी-काळा ‘अनेरी’. दोन्ही गेली की गुलाबी छटेचा पांढरा ‘स्नो’. अशा रंगभेदाला या धंद्यात ‘मॉर्फ’ हा शब्द रुळला आहे. अमेलचे कारण २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी शोधून काढले. ओसीए-२ नावाच्या जनुकात एक भटका डीएनए-तुकडा घुसून बसलेला असतो आणि त्यामुळे मेलॅनिनचे काम बंद पडते. याच जनुकातले बदल माणसातही एका प्रकारच्या वर्णहीनतेला कारण ठरतात. फिकट जांभळट ‘लॅव्हेंडर’ रंगामागे एलवायएसटी हे दुसरे जनुक असल्याचे २०२० मध्ये स्पष्ट झाले.

खरी गंमत रंगापेक्षा लपलेल्या रंगात आहे. अमेल आणि अनेरी यांची जोडी लावली तर पहिल्या पिढीतले एकूण एक पिलू साध्या सापासारखे दिसते, पण दोन्ही दोष पोटात बाळगून असते. अशा पिलाला ‘हेट’ म्हणतात. दोन हेट एकत्र आले की दर सोळा पिलांमागे सरासरी नऊ साधी, तीन अमेल, तीन अनेरी आणि एक स्नो, असा हिशेब पडतो. सरासरीवर विसंबणाऱ्याची मात्र फसगत होते: सोळा अंड्यांत एकही स्नो न निघण्याची शक्यता तिनात एकाहून अधिक आहे. दोन-तीन वर्षे पोसलेल्या जोडीने असा कोरडा हात दाखवला की नवशिक्या माणसाचा उत्साह तिथेच मावळतो.

याच हिशेबातून बाजारातले एक चमत्कारिक लेबल जन्माला आले आहे: ‘६६ टक्के हेट’. दोन अमेल-हेट सापांची जी पिले साधी दिसतात त्यांतली तिनातली दोन हेट असतात, कोणती ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून प्रत्येक पिलू दोन-तृतीयांश शक्यतेवर विकले जाते. खात्री हवी असेल तर ते वाढवून अमेल जोडीदाराशी लावायचे. ते हेट असेल तर निम्मी पिले अमेल यायला हवीत. दहा पिलांत एकही आले नाही, तर ते हेट असण्याची आशा जवळपास संपली. एवढ्यात तीन वर्षे गेलेली असतात. त्यामुळे विकणाऱ्याची वही हीच त्याची खरी मालमत्ता ठरते. खरसुंडीच्या जत्रेत खिल्लार खोंड घेताना गिऱ्हाईक शिंगे, खूर, वशिंड तरी हाताने चाचपून पाहते. हेट सापात चाचपण्याजोगे काही नसते, आहे तो केवळ आई-बापाच्या नोंदीवरचा विश्वास. आता काही जनुकांसाठी कातीवरून डीएनए तपासणी होते, तरी वहीची सद्दी संपलेली नाही.

वर्षाचा क्रम ठरलेला असतो. मादीबाबत तिनांचा नियम सांगतात: तीन वर्षे वय, तीन फूट लांबी, तीनशे ग्रॅम वजन. हिवाळ्यात दोन-तीन महिने सापांना दहा ते पंधरा अंश सेल्सिअसच्या गारव्यात उपाशी ठेवतात, त्याआधी पोट पूर्ण रिकामे झाले आहे याची खात्री करून. ऊब परतली, मादीने कात टाकली की जोडी लावायची. अंडी घालण्याआधी मादी पुन्हा एकदा कात टाकते, आणि त्यानंतर साधारण दहा दिवसांत दहा ते तीस अंडी येतात. ती उचलताना फिरवायची नसतात, कारण आतला गर्भ एका बाजूला चिकटलेला असतो. म्हणून वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करतात. ओलसर व्हर्मिक्युलाइट या खनिजात २७ ते २९ अंशांवर सुमारे दोन महिन्यांनी पिले कवच चिरतात आणि बऱ्याचदा एखादा दिवस डोके बाहेर काढून तशीच बसून राहतात. आठवड्याभरात पहिली कात, मग पहिले जेवण: उंदराचे नवजात, केस न आलेले पिलू.

जेवणापासूनच अडचणी सुरू होतात. रानात ही पिले सरडे-पाली खातात, त्यामुळे काहींना उंदीर हे अन्नच वाटत नाही. मग उंदराच्या पिलाला पालीचा वास लावून देण्याची युक्ती करावी लागते. तरीही काही पिले न खाता मरतात. शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडसारख्या ठिकाणी हवामानही आड येते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या या भागात थंडीच्या रात्री गारवा असतो, पण दुपार उबदार. सलग दोन महिने बारा अंश टिकवायचे तर यंत्राची थंडी लागते, आणि एप्रिल-मेमध्ये खोली तापू न देण्याचा खर्च वेगळा. वीज गेली की दोन्हीकडून पंचाईत.

दुसरी अडचण रक्तातली. मोजक्या सापांतून वंश वाढवल्यामुळे चांगल्या रंगाबरोबर वाईट दोषही वाटले जातात. ‘स्टारगेझर’ हा असाच मज्जासंस्थेचा आनुवंशिक विकार: साप मान मागे मोडल्यासारखी वर करतो, तोल जातो, उलटा पडतो. ‘सनकिस्ड’ रंगाच्या वंशांतून तो पसरला आणि वाहक साप निरोगी दिसत असल्याने लवकर ध्यानात आला नाही. बॉल पायथन या दुसऱ्या पाळीव सापाच्या ‘स्पायडर’ मॉर्फमध्ये तर नक्षी आणि डोक्याचे हेलकावे एकाच जनुकातून येतात. नक्षी ठेवून दोष काढता येत नाही, हे ठाऊक असूनही तो मॉर्फ विकला गेला. या धंद्याची ही बाजू कौतुकास्पद म्हणता येणार नाही.

तिसरी अडचण बाजाराची. नवा रंग महाग असतो, पण तो विकत घेणारा प्रत्येकजण दोन-तीन वर्षांत त्याच रंगाचा विक्रेता होतो, आणि भाव कोसळतात. मग नवी जोडणी, त्यासाठी आणखी साप. एका स्नोमागे जन्मलेल्या साध्या पिलांना मात्र गिऱ्हाईक मिळत नाही, आणि नीट सांभाळलेला कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षे जगतो.

भारतात या सगळ्यावर कायद्याची चौकट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी साप पकडणे, पाळणे, विकणे बंद आहे. तरी गुप्तधनाच्या भ्रमापायी मांडुळाचा चोरटा व्यवहार पश्चिम महाराष्ट्रात सुरूच असतो. परदेशी जातींसाठी २०२२ ची दुरुस्ती आणि त्याखालचे २०२४ चे नियम आले, पण त्यांची नोंदणी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या परिशिष्टांतल्या प्राण्यांपुरती आहे. बॉल पायथन त्यात येतो, कॉर्न स्नेक येत नाही. म्हणून तो मोकळा झाला असे नव्हे. परवाना आणि पशु-विलगीकरण चुकवून आणलेला साप ही तस्करीच ठरते.

सुटलेला साप हा सर्वांत मोठा धोका. कॅनरी बेटांपैकी ग्रान कॅनारियावर कॅलिफोर्निया किंगस्नेक हा पाळीव साप १९९८ पासून मोकळा आढळू लागला. त्यांतले पुष्कळसे वर्णहीन, म्हणजे पाळणाऱ्यांनीच निवडून वाढवलेल्या रंगाचे. भडक रंगामुळे असे साप रानात टिकणार नाहीत, ही समजूत तिथे खोटी ठरली. सापाने व्यापलेल्या भागात तिथल्या राक्षसी सरड्यांची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. शिरोळ तालुक्याने २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत. अशा पाण्यात प्लास्टिकच्या डब्यांतले साप जागेवर राहतील, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

पकडलेल्या परदेशी सापांना रानात सोडताही येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर महसूल गुप्तचर संचालनालयाने बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटे आणि केकच्या पुड्यांत लपवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक जप्त केले. वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाच्या आदेशाने ते विमान कंपनीच्या ताब्यात देऊन बँकॉकला परत धाडण्यात आले.