उंची वाढेना, म्हणून सर्कशीत!
चित्रकथाकार ओसामु तेझुका यांचा ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ बच्चेकंपनीचा लाडका. त्याच्या गोष्टीची सुरुवात मात्र भलतीच निष्ठुर आहे. मुलगा तोबिओ मोटार अपघातात गेल्यावर शास्त्रज्ञ डॉ. तेन्मा हुबेहूब त्याच्यासारखा यंत्रमानव घडवतात, त्याचे लाड करतात. पण पोराची उंची काही वाढेना! वैतागून ते त्याला सर्कशीला विकून टाकतात. (यंत्र वाढत नाही, हे एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला आधी सुचू नये?) पुढे प्रा. ओचानोमिझु त्याला सोडवून मायेनं सांभाळतात. १९५२ साली चित्रकथेत अवतरलेला हा पोरगा १ जानेवारी १९६३ रोजी जपानी टीव्हीवर आला. कथेतली त्याची जन्मतारीख ७ एप्रिल २००३. त्याच वर्षीच्या नव्या मालिकेत तेन्मा परततात, ते जवळजवळ खलनायक होऊनच.