मुलांचा सर्दीखोकला आणि प्रतिकाराची शक्ति

पावसाळ्याच्या पहिल्या सरी पडून शाळा उघडल्या कीं घरोघर शिंका आणि खोकला ऐकूं येऊं लागतो. एक मूल बरें होतें न होतें तोंच दुसरें तापतें. अशा वेळीं आईबापांच्या मनांत साहजिकच येतें कीं, मुलाची प्रतिकारशक्ति कमी पडत आहे. ती वाढेल असें एखादें औषध मिळालें तर बरें. बाजारालाहि हें ठाऊक असतें. चाटणें, गोळ्या, गोड पातळ औषधें आणि थेंब यांच्या वेष्टनांवर ‘शक्तिवर्धक’ हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो. या समजुतींत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. वरचेवर सर्दी होणें हें दुबळेपणाचें लक्षण आहे, ही एक. आणि प्रतिकाराची शक्ति औषधानें सरसकट वाढवितां येते, ही दुसरी. दोहोंची पारख करणें अवश्य आहे. कारण हा प्रश्न नुसत्या पैशाचा नसून कधीं कधीं जिवाचाहि असतो.

सर्दी विषाणूंपासून होते, आणि असे विषाणू एकदोन नसून त्यांचे प्रकार २०० हून अधिक आहेत. त्यांपैकीं ऱ्हायनोव्हायरस या एकाच कुळाचे १५० हून अधिक. एका प्रकाराशीं झगडून शरीर जें शिकतें, तें दुसऱ्या प्रकाराच्या वेळीं फारसें उपयोगीं पडत नाहीं. तान्ह्या मुलाला तर हे सारेच धडे नवे असतात. म्हणून पहिल्या कांहीं वर्षांत निरोगी मुलालाहि वर्षाकाठीं ६ ते ८ वेळां सर्दी होते. बालवाडींत जाऊं लागलेल्या मुलाला त्याहूनहि अधिक वेळां होऊं शकते. दोन दुखण्यांच्या मधल्या काळांत मूल खेळत असेल, जेवत असेल, आणि त्याचें वजन वयाप्रमाणें वाढत असेल, तर त्याच्या प्रतिकारांत बहुधा कांहीं उणें नसतें. पुनःपुन्हां न्युमोनिया होणें, वजन न वाढणें, वारंवार गळवें येणें, अशीं लक्षणें असतील तर मात्र डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्यावी.

आतां दुसरें गृहीत. ‘शक्ति’ या शब्दामुळें असा भास होतो कीं, ही दिव्याच्या वातीप्रमाणें कमीअधिक करतां येणारी एकच वस्तु असावी. वस्तुतः शरीराच्या संरक्षणाची व्यवस्था दुहेरी आहे. पहिला भाग जन्मतःच सिद्ध असलेल्या पहारेकऱ्यांचा. नाकांतील शेंबूड, श्वासमार्गावरील सूक्ष्म केस, कांहीं पांढऱ्या पेशी आणि १९५७ सालीं लंडन येथें ॲलिक आयझॅक्स व जाँ लिंडनमन यांनीं शोधून काढलेलें इंटरफेरॉन हें द्रव्य, हे ते पहारेकरी. दुसरा भाग शिकणाऱ्या पेशींचा. विशिष्ट विषाणूची ओळख पटवून घेऊन नेमकें त्यालाच चिकटणारें प्रतिपिंड तयार करणें, हें त्यांचें काम. ताप, घशाची सूज, नाक गळणें हीं लक्षणें बऱ्याच अंशीं या संरक्षकांच्याच धांवपळीचीं असतात. तेव्हां ही धांवपळ आंधळेपणानें वाढविली म्हणजे रोग हटेलच, असें नाहीं.

याची फार कठोर साक्ष वैद्यकाच्या इतिहासांत आहे. तान्ह्या मुलांच्या बारीक श्वासनलिका सुजविणारा आरएसव्ही नांवाचा एक विषाणु आहे. १९५६ सालीं तो प्रथम चिंपांझी वानरांत सांपडला, आणि पुढच्याच वर्षीं रॉबर्ट चॅनॉक यांनीं तो आजारी बालकांत दाखवून दिला. मोठ्या माणसाला साधी सर्दी करणारा हा विषाणु तान्ह्या मुलाचा श्वास कोंडतो. २०१९ सालच्या अंदाजाप्रमाणें त्याच्यामुळें जगांत ५ वर्षांखालील सुमारें १ लक्ष मुलें दगावलीं; त्यांतील जवळजवळ निम्मीं ६ महिन्यांच्या आंतलीं होतीं. त्यावर उपाय म्हणून हा विषाणु फॉर्मलीननें मारून त्याची लस बनविण्यांत आली, आणि १९६६ सालीं अमेरिकेंत ती कांहीं बालकांना टोचण्यांत आली. पुढें त्या बालकांना खऱ्या विषाणूची बाधा झाली, तेव्हां जें घडलें तें सर्वस्वी विपरीत होतें. बाधा झालेल्या लसधारी बालकांपैकीं शेंकडा ८० रुग्णालयांत ठेवावीं लागलीं. ज्यांना ती लस दिलेली नव्हती, त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा ५ होतें. लस दिलेलीं दोन बालकें तर मरण पावलीं. त्यांच्या शरीरांनीं प्रतिकार केला नाहीं असें नव्हे. प्रतिकार झाला, परंतु धडाच चुकीचा शिकविला गेला होता. तयार झालेलीं प्रतिपिंडें विषाणूला रोखूं शकत नव्हतीं. दाह मात्र त्या प्रतिकारानेंच वाढला.

ही चूक दुरुस्त होण्यास जवळजवळ अर्धें शतक लागलें. २०१३ सालीं जेसन मॅकलेलन, बार्नी ग्रॅहॅम आदि संशोधकांनीं या विषाणूच्या पृष्ठावरील एका प्रथिनाचा खरा आकार दाखविला. पेशींत शिरण्यापूर्वीं त्या प्रथिनाचा एक आकार असतो आणि शिरतांना तो पालटतो. विषाणूला अडवावयाचें तर पहिलाच आकार ओळखतां आला पाहिजे. या ज्ञानावर दोन उपाय उभे राहिले. एक, गर्भवतीला अखेरच्या महिन्यांत द्यावयाची लस; तिच्यामुळें आईचीं प्रतिपिंडें वारेंतून बाळाकडे जातात. दुसरा, निर्सेव्हिमॅब नांवाचें तयार प्रतिपिंड बालकालाच एकदां टोचणें. चाचण्यांत या टोचणीमुळें डॉक्टरांकडे न्यावें लागण्याइतका या विषाणूचा छातीचा आजार सुमारें तीन चतुर्थांशानें घटला, आणि तिचें संरक्षण निदान ५ महिने टिकलें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२५ सालीं या दोन्ही उपायांची शिफारस केली आहे. हे उपाय बाळाची शक्ति सरसकट ‘वाढवीत’ नाहींत. त्याला एका विशिष्ट शत्रूविरुद्ध कांहीं महिन्यांपुरती उसनी शक्ति देतात.

या कसोटीवर बाजारांतील औषधें घासून पाहिलीं तर काय आढळतें ? क जीवनसत्त्वाचा डंका लायनस पॉलिंग यांनीं १९७० सालीं वाजविला. पुढील अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर असें दिसलें कीं, तें रोज घेतल्यानें सामान्य माणसांची सर्दी टळत नाहीं. मुलांच्या दुखण्याचा काळ मात्र सुमारें शेंकडा १४ नें, म्हणजे सात दिवसांतील एका दिवसानें, कमी होतो. दिल्लींतील एका झोपडवस्तींत लहान मुलांना नियमित जस्त दिल्यावर न्युमोनियाचें प्रमाण सुमारें एक चतुर्थांशानें घटलें, असें २००२ सालीं प्रसिद्ध झालें. ज्या वस्त्यांतील अन्नांत जस्ताची उणीव असते तेथें ती भरून काढल्याचा हा लाभ आहे. भरल्या ताटावरच्या मुलाला तो तसाच मिळेल, असा अर्थ त्यांतून निघत नाहीं. मृत जंतूंच्या अंशांपासून केलेल्या ‘लायसेट’ औषधांचीहि युरोपांत छाननी झाली. श्वासमार्गाचे आजार पुनःपुन्हां होणाऱ्या रुग्णांत प्रतिबंधापुरतींच तीं वापरावींत, चालू दुखण्यावर किंवा न्युमोनिया टाळण्यासाठीं देऊं नयेत, असा निर्णय तेथील औषधसंस्थेनें २०१९ सालीं दिला.

शरीराला नेमका धडा शिकविणाऱ्या लसी मात्र खऱ्या उपयोगाच्या आहेत. इन्फ्लुएंझाची लस ६ महिन्यांनंतर देतां येते. पहिल्या वर्षीं लहान मुलाला चार आठवड्यांच्या अंतरानें दोन मात्रा लागतात, व पुढें दरवर्षीं एक. कारण हा विषाणु रूप पालटीत असतो. महाराष्ट्रांत या तापाचा जोर पावसाळ्यांत असल्यामुळें लस त्यापूर्वीं घेणें श्रेयस्कर. गोवराच्या लसीचें महत्त्व तर दुहेरी आहे. गोवर येऊन गेल्यावर मुलाचीं पूर्वीं कमावलेलीं प्रतिपिंडें शेंकडा ११ पासून ७३ पर्यंत नाहींशीं होतात, असें २०१९ सालच्या संशोधनांत दिसून आलें. जणूं शिकलेली पाटीच पुसली जाते. गोवराची लस चुकविणें म्हणजे इतर रोगांविरुद्धची शिदोरीहि धोक्यांत घालणें होय. न्युमोकॉकस, हिब आणि डांग्या खोकला यांच्या लसी विषाणूंवर नव्हत. परंतु विषाणूच्या मागोमाग येणारा जंतूंचा न्युमोनिया त्या पुष्कळ अंशीं टाळतात.

उरलें तें घरच्या हातचें. बाळंतपणानंतरचें पहिलें घट्ट, पिवळसर दूध कांहीं घरांत टाकून देतात. तें बाळाला अवश्य पाजावें, आणि ६ महिने केवळ अंगावरचें दूध द्यावें. आईच्या दुधांतील प्रतिपिंडें हीहि उसनी शक्तीच आहे, आणि ती विनामूल्य मिळते. न्हाऊं घातल्यावर तान्ह्या मुलाला निखाऱ्यावर ओवा, वावडिंग किंवा धूप टाकून धुरी देण्याची चाल महाराष्ट्रांत अनेक घरांतून आहे. तिच्या मागची माया खरी असली, तरी धूर श्वासमार्गावरील सूक्ष्म केसांना इजा करतो; चुलीचा धूर आणि विडी-सिगारेटचा धूरहि तसाच. छातीला कापूर चोळूं नये. तो पोटांत गेल्यास मुलाला आंचके येतात. एक वर्षाच्या आंतील मुलाला मध चाटवूं नये. साबणानें हात धुण्याचें महत्त्व कराची येथील वस्त्यांत २००५ सालीं सिद्ध झालें : ज्या घरांत साबण व शिकवण दोन्ही पुरविलीं, तेथें ५ वर्षांखालील मुलांचा न्युमोनिया निम्म्यावर आला.

इतकें करूनहि सर्दी होईलच, आणि बहुतेक वेळां ती आपोआप बरी होईल. विषाणूंवर अँटिबायोटिक औषधें चालत नाहींत. तीं आपल्या मनानें देऊं नयेत. लक्ष ठेवावें तें श्वासावर. मूल शांत असतांना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावे. २ महिन्यांच्या आंत ६० किंवा अधिक, २ ते ११ महिन्यांत ५० किंवा अधिक, आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा अधिक श्वास होत असतील, तर मूल त्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवावें. श्वास घेतांना छातीचा खालचा भाग आंत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा मूल दूध ओढीनासें झालें असेल, तर क्षणाचाहि विलंब न करतां त्याला रुग्णालयांत न्यावें. शक्तिवर्धक बाटलीवर खर्चावयाचे पैसे लसीसाठीं आणि सकस आहारासाठीं राखून ठेवले, आणि श्वास मोजण्याची ही साधी रीत घरांतील प्रत्येक वडीलधाऱ्या माणसानें शिकून घेतली, तर पुष्कळ मुलांचीं दुखणीं विकोपाला जाण्यापूर्वींच आवरतां येतील.