गाभण शेळीचा ऊर्जेचा हिशेब

बोईसर-तारापूर म्हटले की १९६९ साली सुरू झालेले अणुवीज केंद्र आठवते आणि ऊर्जा म्हणजे वीज, हे समीकरण विद्यार्थ्यांच्या मनात पक्के होते. पण त्याच परिसरातील पाड्यांवर दारात बांधलेली शेळीही ऊर्जेचा धडा शिकवू शकते.

शेळीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. पहिले साडेतीन महिने गर्भाचे वजन फारसे वाढत नाही. जन्मवेळच्या वजनापैकी जवळजवळ ७० टक्के वजन शेवटच्या सहा ते आठ आठवड्यांत वाढते. त्या वेळी शेळीची ऊर्जेची गरज एरवीच्या सुमारे दीडपट होते. पोटात जुळी असतील तर त्याहूनही अधिक. पण वाढलेले गर्भाशय पोटातील जागा अडवते. म्हणजे गरज वाढते, तेव्हाच खाणे कमी होते.

आता ऋतूचा विचार करा. ऑक्टोबरच्या मध्यावर फळलेली शेळी मार्चच्या मध्यावर विते. शेवटचे सहा आठवडे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. पालघरच्या माळांवरचे गवत तोवर वाळून कडक झालेले असते. वाळके गवत किंवा भाताचा पेंढा पोटात जागा भरपूर घेतो, पण ऊर्जा थोडीच देतो.

ऊर्जा कमी पडली की काय होते? शेळीच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्मजीव चाऱ्याचे आंबवण करतात. त्यातून मिळणाऱ्या प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत ग्लुकोज तयार करते आणि गर्भ मुख्यतः ग्लुकोजवरच वाढतो. चारा अपुरा असेल तर शेळी अंगावरची चरबी वापरू लागते. परंतु मेदाम्लांपासून ग्लुकोज बनत नाही. यकृतावर ताण पडून कीटोन द्रव्ये रक्तात साठतात. शेळी खाणे सोडते, कळपात मागे रेंगाळते, दात खाते, शेवटी बसून राहते. वेळीच पशुवैद्य गाठला नाही, तर शेळी आणि करडे दोन्ही दगावतात. ज्या घराची अडीअडचणीची पुंजी शेळी हीच असते, त्या घराला हा मोठा फटका होय.

उपाय अवघड नाही. शेवटच्या सहा आठवड्यांत चाऱ्याबरोबर रोज २०० ते ३०० ग्रॅम खुराक द्यावा: मक्याचा भरडा, कोंडा, थोडी पेंड. सुरुवात मूठभराने करून दहा-पंधरा दिवसांत प्रमाण वाढवावे. एकदम जास्त धान्य दिल्यास पोटात आम्ल वाढते व शेळी आजारी पडते. जोडीला हिरवा पाला आणि स्वच्छ पाणी हवेच. मात्र आधीपासून खूप लठ्ठ केलेल्या शेळीलाही हाच आजार होतो, हे ध्यानात ठेवावे.

ज्या विद्यार्थ्यांच्या घरी शेळ्या आहेत, त्यांना फळल्याची तारीख, खुराक आणि करडाचे जन्मवजन यांची नोंद ठेवायला सांगा. साध्या ताणकाट्याने वजन करता येते. पावसाळ्यानंतर लगेच जन्मलेली आणि उन्हाळ्यात जन्मलेली करडे यांच्या वजनात फरक पडतो का? उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.