ओसियांच्या वाळूवर पहाटेची उंटसवारी

अहिल्यानगर जिल्ह्यातील ओसवाल कुटुंबांच्या राजस्थान यात्रेत नाकोडा, राणकपूर आणि जैसलमेर ही नावे ठरलेली असतात. जोधपूरपासून सुमारे ६५ किलोमीटरवर असलेले ओसियां मात्र बहुधा दर्शनापुरतेच वाट्याला येते. गाडी थांबते, भगवान महावीरांचे दर्शन होते, सच्चियाय मातेच्या पायऱ्या चढून उतरल्या जातात आणि तासाभरात यात्रेकरू पुढच्या मुक्कामाला लागतात. ज्या गावावरून ओसवाल हे नाव पडले, त्या गावी एक रात्र राहावे आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी उंटावर बसून गावाबाहेरच्या वाळूच्या टेकड्यांकडे जावे, असे फार थोड्यांच्या मनात येते.

सायंकाळच्या सवारीला गर्दी असते, ढोलकी असते, छायाचित्रे काढणाऱ्यांची घाई असते. पहाटेची गोष्ट निराळी. डिसेंबर-जानेवारीत तेथे सूर्य सव्वासात-साडेसातच्या सुमारास उगवतो. तोवर वाळू इतकी गार असते की अनवाणी पाय ठेववत नाही. नवकारसीचे पच्चक्खाण असलेल्यांना तर ही वेळ विशेष सोयीची, कारण सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत तोंडात काही घालावयाचे नसतेच.

उंट बसलेला असतो. स्वार खोगिरावर नीट बसला की उंटवाला हलकी हाक देतो आणि मग जे होते त्याला नवखा माणूस सहसा तयार नसतो. प्रथम मागचे पाय सरळ होतात, स्वार एकदम पुढे झुकतो. नंतर पुढचे पाय उभे राहतात आणि तो तितक्याच जोराने मागे फेकला जातो. पहिल्या हिसक्याला मागे रेलावे आणि खोगिराची मूठ घट्ट धरावी, एवढेच शास्त्र. चालताना उंट एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर उचलतो, म्हणून स्वार होडीत बसल्यासारखा डुलतो. पायाच्या दोन बोटांखाली रुंद, मऊ गादी असल्याने पाय वाळूत रुतत नाही आणि पावलांचा आवाजही होत नाही. त्या शांततेत ऐकू येते ती खोगिराची करकर आणि दूरच्या ढाणीतील एखाद्या मोराची केका.

उजाडू लागले की वाळूवर वाऱ्याने उमटविलेल्या लाटा दिसू लागतात आणि त्यांवर रात्री हिंडून गेलेल्या किड्यांच्या नाजूक माळा. मधूनच खेजडीचे झाड उभे असते. हीच आपल्याकडची शमी. नगरच्या मारवाडी स्वयंपाकघरांत केर-सांगरीची भाजी होते, तिच्यातील सांगरी म्हणजे याच झाडाची वाळवलेली शेंग. उंटाचाही हा आवडता पाला. चालता चालता तो मान लांब करून एखादी डहाळी ओढून घेतो आणि काट्यांसकट चघळतो.

या प्राण्याविषयीचे गैरसमज पुष्कळ आहेत. त्याच्या मदारीत पाणी नसते, चरबी असते. तहानलेल्या अवस्थेत त्याच्या शरीराचे तापमान रात्री ३४ अंशांपर्यंत उतरते आणि दिवसा ४० अंशांच्या वर जाऊ शकते. त्यामुळे घामावाटे पाणी कमी खर्च होते. शरीराच्या वजनाच्या पावपट पाणी गमावूनही तो तग धरतो आणि पाणी मिळाले की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर पिऊन घेतो. अशी काटकसर पाहिल्यावर मारवाडात ती माणसांत कोठून आली असावी, याचे कोडे सुटते!

पूर्वजांनी मारवाड सोडला तेव्हा रेल्वे नव्हती. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि नगर रेल्वेने जोडले गेले. त्यापूर्वीचा प्रवास पायी, बैलगाडीने आणि उंटाच्या पाठीवरून. महाराष्ट्रालाही उंट अगदीच परका नव्हता. पेशवाईच्या कागदपत्रांत सांडणीस्वार पदोपदी भेटतात. सांडणी म्हणजे वेगाने धावणारी उंटीण. आता मराठीत उंट उरला आहे तो मुख्यतः म्हणींत.

ओसियांचे महावीर मंदिर आठव्या शतकातील, प्रतिहार राजा वत्सराज याच्या काळचे मानले जाते. आचार्य रत्नप्रभसूरींनी येथील लोकांना जैन धर्माची दीक्षा दिली आणि देवीपुढचा पशुबळी थांबविला, अशी परंपरा सांगते. अशा गावी जनावराच्या पाठीवर बसताना श्रावकाच्या मनात प्रश्न उभा राहणे स्वाभाविक आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. हे शब्द पाठशाळेत पाठ केलेले असतात. उंटाजवळ उभे राहिले की त्यांचा अर्थ डोळ्यांसमोर येतो. पाय बांधलेला दोर, उंटवाल्याच्या हातातील काठी, नाकपुडीतून आरपार गेलेली वेसणीची खुंटी, एका खोगिरावर दाटीवाटीने बसलेली तीन माणसे, आणि हंगामात सकाळपासून संध्याकाळपर्यंत फेऱ्या मारणारे उपाशी जनावर. सगळ्याच उंटवाल्यांकडे असे असते असे मुळीच नाही. नाकाची जखम स्वच्छ आहे काय, खोगिराखाली घट्टा वा व्रण आहे काय, हे निघण्यापूर्वी पाहता येते आणि त्यावरून मालकाची परीक्षा होते.

मग उंटावर बसूच नये काय? येथे प्रश्न अवघड होतो, आणि तो भावनेपेक्षा हिशेबाने अधिक उलगडतो.

२०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे चार लाख उंट होते; २०१९ मध्ये ते अडीच लाखांवर आले. त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. नगरकरांना असे नाहीसे होणे नवे नाही. माळढोकासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत १९७९ मध्ये अभयारण्य झाले. आज कर्जत-श्रीगोंद्याच्या माळावर तो पक्षी दिसला तर ती वर्तमानपत्राची बातमी होईल. उंटाच्या बाबतीत ट्रॅक्टर आणि टेम्पो आले, गाडा ओढण्याचे काम गेले, चराऊ राने आक्रसली. राजस्थान सरकारने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशूचा मान दिला आणि २०१५ मध्ये त्याच्या कत्तलीवर बंदी घालणारा व परवानगीशिवाय त्याला राज्याबाहेर नेण्यास मनाई करणारा कायदा केला.

हेतू निर्मळ होता. परंतु राईका-रेबारी समाजाचे उत्पन्न मुख्यतः नर पिल्लांच्या विक्रीवर अवलंबून होते. बाहेरचा ग्राहक गेला, मेळ्यांत किमती कोसळल्या आणि चाऱ्याचा खर्च तसाच राहिला. विकता येत नाही आणि पोसवत नाही, अशा जनावराची पैदास कोण करील? राज्याने पुढे २०२२ मध्ये पिल्लामागे दहा हजार रुपयांचे साहाय्य देणारी योजना आणली, म्हणजे केवळ बंदीने उंट वाचत नाही हे शासनालाही पटले. उंटावरून शेळ्या हाकणे ही म्हण येथे शब्दशः आठवते.

त्या संघर्षाचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात ५८ उंट पोलिसांनी ताब्यात घेतले. ते कत्तलीसाठी चालले असल्याची तक्रार होती, तर कच्छच्या रबारी पशुपालकांचे म्हणणे ते आपले चराईचे उंट असल्याचे. मे २०२३ मध्ये शंभराहून अधिक उंट नाशिक भागात पोहोचले. पांजरपोळाने त्यांना आसरा दिला आणि पुढे त्यांना राजस्थानकडे परत पाठविण्यात आले. जीवदयेसाठी धावून जाणाऱ्यांचे कौतुकच केले पाहिजे. तथापि उंट म्हणजे गाय नव्हे. महाराष्ट्राची दमट हवा त्याला मानवत नाही, खेजडीचा पाला येथे नाही, आणि पावसाळ्यात चावणाऱ्या माशांमुळे पसरणारा सर्रा हा रोग त्याचा मोठा शत्रू आहे. सुटका झाल्यानंतरचे त्याचे आयुष्य वाळवंटातच जावयाचे, आणि तेथे त्याला सांभाळणारा रेबारी टिकलेला असावा लागतो.

म्हणून राणकपूरच्या यात्रेत जवळच्या सादडीची उंटिणीच्या दुधाची डेअरी अवश्य पाहावी. दूध विकू नये असा जुना संकेत पाळणारा समाज आता त्यातच उत्पन्नाची वाट शोधत आहे. देशात या दुधाची मानके २०१६ मध्ये ठरली. चव किंचित खारट असते, चहात चालते.

आणि ओसियांत पहाटे निघताना एका उंटावर एकच प्रौढ, फार तर सोबत एक मूल, असा आग्रह यात्रेकरूंनीच धरावा. उंटवाला तो धरणार नाही, कारण फेरीचे पैसे माणशी मिळतात. दोघांचे भाडे देऊन एकट्याने बसावे. परतल्यावर तो उंटाला बसवील, खोगीर उतरवील, आणि पाठ मोकळी झालेला उंट वाळूत मनसोक्त लोळेल. ते पाहण्यापुरते थांबले तरी महावीर मंदिरातील सकाळची पूजा चुकत नाही.