मायक्रोवेव्हमधला भात मधोमध गार का राहतो?

रात्रीच्या कर्जत लोकलने शेलूला उतरणाऱ्या कितीतरी जणांचं जेवण मायक्रोवेव्हमध्येच गरम होतं. कडेचा भात चटका देतो, मधला गारढोण! याचं कारण फार सुंदर आहे.

घरगुती ओव्हनमधल्या लहरींची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी साधारण १२ सेंटीमीटर. धातूच्या भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. काही जागी जोर वाढतो, काही जागी जवळजवळ शून्य. पाहायचंय? फिरती ताटली आणि तिच्याखालची चाकं काढा. न फिरणाऱ्या डिशमध्ये उडदाचे पापड पसरून थोडाच वेळ चालवा, नजर हटवू नका. इथे-तिथे ठिपके फुलतात, शेजारचा भाग कच्चाच!

ताटली फिरते ती यासाठीच. पण तिचा मध्य जागचा हलत नाही, म्हणून वाटी मधोमध नको, कडेला ठेवा. ताटातला भात कडेने पसरून मध्ये खळगा करा, पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवा, अर्ध्यात एकदा हलवा. लहरींचा जोर अन्नात एक-दोन सेंटीमीटरपर्यंतच. पुढे उष्णता सावकाश झिरपते. तिला वेळ मिळावा म्हणून पॉवर निम्मी ठेवा आणि बंद झाल्यावर दोन मिनिटं थांबा. माझ्या मते ही दोन मिनिटंच सगळ्यात मोलाची.

फ्रीजरमधल्या मासळीला तर डीफ्रॉस्टच हवं. बर्फ या लहरी फारच कमी शोषतो, पाणी भरपूर. त्यामुळे जो कोपरा आधी वितळतो तोच शिजू लागतो आणि बाकीचा तुकडा गोठलेलाच राहतो.